नावेचें जुनें यंत्र घरीं दुरुस्त करावें काय ?

कोंकणांतील एखाद्या खाडीच्या धक्क्यावर जे उभे राहिले असतील त्यांनीं लहान होडीच्या मागच्या फळीवर अडकविलेलें एक यंत्र खचित पाहिलें असेल. वर एंजिन, खालीं पाण्यांत बुडालेला पंखा, दोहोंच्या मध्यें उभा दांडा आणि वळविण्यासाठीं एक मूठ, एवढाच त्याचा पसारा. दोन पेच सैल केले कीं तें होडीपासून सुटतें व उचलून घरीं नेतां येतें. सुकाणू निराळें लागत नाहीं. मूठ ज्या बाजूस ढकलावी तिच्या उलट बाजूस होडीचें तोंड वळतें. इंग्रजींत ह्याला आऊटबोर्ड मोटर म्हणतात. ह्या नांवाला सुटसुटीत मराठी शब्द रूढ झालेला नाहीं, म्हणून आम्हीहि ह्या लेखांत तेंच नांव चालविणार आहों.

अमेरिकेंत, इंग्लंडांत व इतर पाश्चात्त्य देशांत असे पुष्कळ लोक आहेत कीं ज्यांना साठ-सत्तर, क्वचित् शंभर वर्षांपूर्वींच्या अशा मोटरी अडगळींतून शोधून आणून घरच्या घरीं पुन्हां चालत्या करण्याचा नाद आहे. १९६५ सालीं अमेरिकेंत केवळ जुन्या आऊटबोर्ड मोटरींच्या षोकिनांचें एक मंडळहि स्थापन झालें. हा नाद शहाणपणाचा कीं रिकामपणाचा, असा प्रश्न कोणी केला तर आमचें उत्तर ठरलेलें आहे. हा उद्योग शहाणपणाचा आहे; मात्र तो एका विशिष्ट रीतीनें केला तरच. ती रीति कोणती व ह्या उद्योगाविरुद्ध काय काय बोललें जातें, हें आमच्या विद्यार्थी वाचकांपुढें, आणि त्यांच्याहिपेक्षां त्यांच्या वडील मंडळींपुढें, मांडावें असा ह्या लेखाचा उद्देश आहे. वडील मंडळींचें नांव मुद्दाम घेतलें, कारण घरांतील मोडकें यंत्र उघडून बसलेल्या मुलाच्या पाठीवर थाप मारावयाची कीं धपाटा, हें त्यांच्या हातीं असतें.

प्रथम ह्या यंत्राची हकीकत थोडी सांगितली पाहिजे. नॉर्वे देशांत १८७७ सालीं जन्मलेला ओले एव्हिनरूड हा पांच वर्षांचा असतांना आईबापांबरोबर अमेरिकेच्या विस्कॉन्सिन प्रांतांत आला. शाळेचें शिक्षण बेताचेंच. पण ठिकठिकाणच्या यंत्रशाळांतून काम करीत करीत तो कुशल कारागीर झाला. १९०६ च्या सुमाराची गोष्ट अशी सांगतात कीं, उन्हाळ्यांत एके दिवशीं ओकाउची नांवाच्या सरोवरावर वनभोजनास गेलें असतां बेस केरी ह्या तरुणीला आइस्क्रीम खावेंसें वाटलें. ओले वल्हें मारीत दोन-अडीच मैल पलीकडे गेला आणि तितकाच परत आला; तोंपर्यंत आइस्क्रीमचें पाणी झालें होतें. ह्या कथेवर मागून किती मीठमसाला चढला असेल तो असो. पण त्याच बेसशीं त्याचें लग्न झालें, आणि १९०९ सालीं त्याची मोटर विक्रीस आली, ह्या दोन गोष्टी पक्क्या आहेत. शक्ति दीड अश्वशक्ति, वजन ६२ पौंड आणि किंमत ६२ डॉलर; जणूं भाजीसारखें तोलून विकावयाचें.

ओलेच्या आधीं असें यंत्र कोणी केलेंच नव्हतें असें नाहीं. डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमननें त्याच्या अगोदर कांहीं वर्षें अशा मोटरी विकावयास काढल्या होत्या, व आऊटबोर्ड मोटर हें नांवहि त्यानेंच रूढ केलें असें मानतात. तरी कायमचें यश ओलेच्या वांट्यास आलें, आणि आमच्या मतें त्याचें निम्में श्रेय बेसला आहे. नवऱ्याची मोटर प्रथम पाहून तिला ती कॉफी दळण्याच्या यंत्रासारखी वाटली म्हणतात. पण हिशेब, पत्रव्यवहार आणि जाहिरात हीं तिन्ही कामें तिनें आपल्या अंगावर घेतलीं, आणि वल्हीं टाकून द्या असें लोकांना सांगणारी जाहिरात तिचीच. शोधकाचें नांव यंत्रावर कोरलें जातें आणि वह्या लिहिणारीचें वह्यांतच राहतें, हें आम्हांला नेहमींच खटकत आलें आहे.

बेसच्या प्रकृतीमुळें ह्या जोडप्यानें १९१४ च्या सुमारास कारखान्यांतील आपला भाग विकून टाकला. पुढें १९२१ सालीं ओलेनें अल्युमिनियमचा भरपूर उपयोग करून दोन सिलिंडरांची हलकी मोटर बाजारांत आणली व तिला एल्टो हें नांव दिलें. त्याच सुमारास जॉन्सन बंधूंचीहि हलकी मोटर निघाली. १९२९ मध्यें एव्हिनरूड आणि एल्टो हे कारखाने एक झाले. ओले १९३४ सालीं वारला. १९३६ मध्यें जॉन्सनहि त्यांत येऊन मिळाला. हा एकत्रित कारखाना २००० सालच्या डिसेंबरांत दिवाळखोरींत निघाला. नांव दुसऱ्या कंपनीनें विकत घेतलें, आणि २०२० सालीं तिनेंहि एव्हिनरूड मोटरी काढण्याचें बंद केलें. इंग्लंडांतील ब्रिटिश सीगलचीहि गोष्ट अशीच. १९३१ पासून निघूं लागलेली ही साधी, ओबडधोबड, खाऱ्या पाण्याला न भिणारी मोटर दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्यानें हजारोंनीं घेतली. १९९६ सालीं तिचें उत्पादन थांबलें.

म्हणजे ज्यांनीं हीं यंत्रें केलीं ते कारखाने आज नाहींत, आणि यंत्रें मात्र हजारोंनीं शिल्लक आहेत. त्यांना आतां वाली कोण ? ज्याच्या पडवींत किंवा तळघरांत तें पडलें असेल तोच. आमच्या मताचा पाया हा आहे. ज्या वस्तूचा कर्ता उरला नाहीं तिची जबाबदारी धन्यावर येते; ती त्यानें घेतली नाहीं तर भंगारवाला घेतोच.

आतां रीतीकडे वळूं. जुनी मोटर हातीं आली कीं उतावळा मनुष्य पहिली गोष्ट करतो ती म्हणजे दोरी गुंडाळून जोरानें ओढणें. ही फार वाईट संवय होय. वर्षानुवर्षें पडून असलेल्या यंत्रांत दट्ट्या सिलिंडरला गंजानें चिकटलेला असूं शकतो, आणि बळ केलें तर दट्ट्यावरच्या रिंगा मोडतात. प्रथम प्लग काढावा, त्या भोकांतून थोडें पातळ तेल सोडावें, एकदोन दिवस वाट पाहावी, आणि मग फ्लायव्हील हातानें हळूहळू फिरवून पाहावें. न फिरलें तर पुन्हां तेल व पुन्हां वाट. गंजलेल्या बोल्टांचेंहि तेंच. अल्युमिनियमच्या अंगांत लोखंडी बोल्ट आणि वरून समुद्राचें पाणी, असा योग जमला कीं बोल्ट त्या धातूशीं जणूं एकजीव होतो. तेथें बळाचें काम नाहीं. तेल मुरवावें, जवळपास पेट्रोलचा अंशहि नसेल तेव्हां भोंवतालचा धातु बेतानें तापवावा, बोल्ट किंचित् घट्ट करावा आणि मग सैल करावा. असा एक बोल्ट न मोडतां काढणाऱ्या मुलाला आम्ही आनंदानें दहा गुण जास्त देऊं. गणिताचे नव्हेत, सबुरीचे.

ह्याच वेळीं मोटरीवर ठोकलेला क्रमांक वहींत उतरून घ्यावा. त्यावरून मोटरीचें साल व जात कळते, आणि साल कळल्यावांचून पुढचीं मापें कळत नाहींत.

यंत्र मोकळें फिरूं लागलें कीं तीन गोष्टी तपासावयाच्या: ठिणगी, इंधन आणि दाब. ह्या तिन्ही ऐन वेळीं एकत्र आल्या तर एंजिन चाललेंच पाहिजे. चाललें नाहीं तर तिन्हींपैकीं एकींत खोट आहे. आजच्या किती यंत्रांविषयीं आपल्याला असें छातीवर हात ठेवून बोलतां येईल ?

ठिणगीसाठीं ह्यांतील बहुतेक मोटरींना बॅटरी लागत नाहीं. फ्लायव्हीलच्या आंतल्या अंगास लोहचुंबक बसविलेला असतो. तो तारेच्या वेटोळ्यावरून फिरला कीं वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं दाखवून दिलेला हा नियम आमच्या वरच्या इयत्तांतील मुलें पाठ करतात व परीक्षा झाली कीं विसरतात. येथें तोच नियम निष्काळजी बोटाला झटका देऊन आपली ओळख पटवितो. ठराविक क्षणीं दोन लहान टिकल्या, ज्यांना कारागीर पॉइंट म्हणतात, एकमेकींपासून दूर होतात, विजेचा मार्ग तुटतो, आणि शेजारच्या बारीक तारेच्या हजारों वेढ्यांत एवढा विद्युद्दाब निर्माण होतो कीं प्लगच्या टोंकाशीं ठिणगी उडते. १९५० नंतरच्या दशकांतील जॉन्सन व एव्हिनरूड मोटरींत ह्या टिकल्यांमधील अंतर २० सहस्रांश इंच, म्हणजे सुमारें अर्धा मिलिमीटर, ठेवावें लागतें. नुसतें पडून राहिल्यानेंहि टिकल्यांवर मळाचा पातळ थर चढतो व वीज अडते. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं ठिणगी नाहीं म्हणून परदेशांतून नवें वेटोळें मागविलें, दोन महिने त्याची वाट पाहिली, आणि तें बसवूनहि ठिणगी आली नाहीं. शेवटीं स्वच्छ कागदाची पट्टी स्पिरिटांत भिजवून टिकल्यांमधून ओढली तेव्हां ती आली. अर्थात् वेटोळें नेहमींच निर्दोष असतें असें नव्हे. त्या काळच्या जॉन्सन-एव्हिनरूडच्या वेटोळ्यांचें आवरण तडकतें, ही जाणत्यांना ठाऊक असलेली खोड आहे, व त्या जागीं बसणारीं नवीं वेटोळीं आजहि विकत मिळतात. परंतु आधीं फुकटचा उपाय आणि मग विकतचा, हा क्रम सोडूं नये.

एक इशारा येथेंच देऊन ठेवतों. ह्या टिकल्यांपर्यंत पोंचण्यासाठीं फ्लायव्हील काढावें लागतें, आणि तें निमुळत्या दांड्यावर घट्ट बसलेलें असतें. त्यासाठीं पुलर नांवाचें हत्यार मिळतें. तें नसेल तर गांवांतील एखाद्या यंत्रशाळेंतून तासाभरासाठीं मागून आणावें. कडेखालीं पेचकस घालून उचकटणें आणि दांड्याच्या टोंकावर हातोडा घालणें, हे दोन्ही उपाय यंत्र मारण्याचे आहेत.

इंधनाच्या बाबतींत आम्हां महाराष्ट्रीयांना एक निराळाच धडा मिळतो. जुन्या मोटरींच्या कार्बुरेटरांत पेट्रोलची पातळी राखणारा जो तरंगा असतो तो पुष्कळदां बुचाचा असे, आणि त्यांत पेट्रोल मुरूं नये म्हणून त्यावर चपडा लाखेचा हात दिलेला असे. चपडा ही आमच्या सुतारांच्या चांगल्या ओळखीची वस्तु. ती लाख आपल्या देशांत फार मोठ्या प्रमाणावर होते. आतां सुतार चपडा कशांत विरघळवितो ? स्पिरिटांत. आणि आजच्या पेट्रोलांत काय असतें ? २०२३ सालापासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विकलें जाऊं लागलें. इथेनॉल म्हणजे मद्यार्कच, आणि त्याचा बराच भाग आपल्या उसापासून निघतो. म्हणजे झारखंडच्या रानांतली लाख आणि कोल्हापूरकडच्या मळ्यांतला ऊस ह्यांची गांठ ह्या विलायती कार्बुरेटरच्या पेल्यांत पडते. लाख विरघळते, बूच पेट्रोल पितें, तरंगा बुडतो आणि पेट्रोल बाहेर वाहूं लागतें. ज्यानें सुताराला पॉलिश करतांना नीट पाहिलें आहे त्याला ह्या दोषाचें कारण कोणत्याहि पुस्तकावांचून सांगतां येईल. उपाय सोपा आहे. बुचावर मद्यार्काला दाद न देणारा लेप द्यावा, किंवा प्लॅस्टिकचा तरंगा बसवावा. शिवाय इथेनॉल हवेंतील ओल ओढून घेतें, म्हणून काम झालें कीं टाकी व कार्बुरेटर दोन्ही रिकामीं करावीं. जुनें पेट्रोल आंत सुकून राहिलें कीं त्याचा रोगणासारखा चिकट थर होतो व बारीक भोकें बुजतात. तीं तारेनें कोरूं नयेत. कोरल्यानें भोक मोठें होतें, आणि मग मोटर पेट्रोल पिते पण चालत नाहीं.

ह्या मोटरींना तेलाची निराळी टाकी नसते. तेल पेट्रोलांतच मिसळावयाचें. किती, हें सालावर अवलंबून असतें. १९५० नंतरच्या दशकांतील पुष्कळ जॉन्सन-एव्हिनरूड मोटरींना २४ भाग पेट्रोलास १ भाग तेल लागतें. जुन्या सीगलला तर १० भागांस १. नव्या मोटरीच्या मापानें ५० भागांस १ घालून जुनी मोटर चालविणारा तिला जळता डाग देतो. क्रमांक उतरून घ्या असें सांगितलें तें ह्यासाठीं.

दाबाविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं. ठिणगीची तार यंत्राच्या अंगाला जोडून, प्लगच्या भोकावर अंगठा दाबून दोरी ओढली तर अंगठा जोरानें उडाला पाहिजे. उडाला नाहीं तर रिंगा किंवा वरचें गॅस्केट गेलें. खालच्या पेटींतील दंतचक्रांचें तेल काढून पाहावें. तें दुधाळ निघालें तर आंत पाणी शिरत आहे असें समजावें. पाणी खेंचणारा पंप मात्र दुर्लक्षूं नये. १९५० नंतरच्या पुष्कळ मोटरींत त्याचें चाक रबराचें असतें, तें वाळून कडक होतें, आणि मोटर कोरडी चालविली तर थोड्याच वेळांत फाटतें. म्हणून पहिली चाचणी पाण्यानें भरलेल्या पिंपांतच घ्यावी आणि पाणी बाहेर पडतें आहे कीं नाहीं इकडे डोळा ठेवावा.

येथवर रंगाचें नांव कोठेंहि आलें नाहीं, हें चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. तें मुद्दामच. आमचा मुख्य वाद त्या मंडळींशीं आहे जी जुनी मोटर आणल्याबरोबर तिचा मूळ रंग खरवडतात, पितळेला आरशासारखी झळाळी आणतात, नवीं चित्रें चिकटवितात, आणि अशी सजविलेली मोटर दिवाणखान्यांत उभी करतात. तिच्या पोटांत दट्ट्या अजून चिकटलेलाच असतो. पुस्तकांना उत्तम वेष्टणें घालून तीं न उघडणारे विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत; ही तीच जात. जुन्या रंगावरचे ओरखडे, मुठीवरची झीज, कोणा अज्ञात मालकानें तारेनें केलेली डागडुजी, ह्या खुणांतून त्या यंत्राचें आयुष्य वाचतां येतें. त्या एकदां पुसल्या कीं जगांतील कोणताहि कारागीर त्या परत आणूं शकत नाहीं. जेथें गंज लोखंड खात असेल तेथें रंग अवश्य द्यावा; इतरत्र फडकें आणि तेल पुरे. प्रदर्शनांत झळाळीला बक्षिसें मिळतात हें आम्हांला ठाऊक आहे. तरी मत बदलावेंसें वाटत नाहीं.

आतां आक्षेपांकडे पाहूं. ह्या नादानें अभ्यास बुडतो, हा पहिला. दहावीच्या वर्षीं हा नाद नको, हें आम्हीहि म्हणतों. पण उन्हाळ्याच्या सुट्टीचे दोन महिने जीं मुलें दूरध्वनीच्या पडद्यावर बोट फिरवीत घालवितात त्यांच्या वडिलांनीं हा आक्षेप घ्यावा, ह्याचें आम्हांला नवल वाटतें. चुंबक, वीज, मद्यार्कांतील द्रावण, धातूंचें प्रसरण हे सर्व धडे वरच्या परिच्छेदांत येऊन गेले. ते आम्हीं ओढून आणले नाहींत, कामांतच ते होते. आम्ही मुलगा हा शब्द वापरला तेथें मुलगीहि समजावी. टिकल्यांमधील अर्धा मिलिमीटर साधण्यास जी हाताची स्थिरता लागते ती सुई चालविणाऱ्या हाताला अगोदरच अवगत असते.

दुसरा आक्षेप पैशाचा. येथें आम्ही माघार घेतों. परदेशांतून मागविलेल्या एका भागाची किंमत, टपालखर्च आणि जकात धरून, पुष्कळदां सबंध मोटरीच्या किंमतीहून जास्त होते. नफा व्हावा म्हणून हें काम करणारानें दुसरा धंदा पाहावा.

तिसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो खरा आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असते. ती जमिनीवरून सरपटत जाऊन लांबच्या चुलीशींहि पोंचते. एंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि बंद खोलींत तो माणूस मारतो. म्हणून पेट्रोलचें काम उघड्यावर, दिवसाउजेडीं, आणि जाणत्या वडील माणसाच्या समक्षच झालें पाहिजे. पिंपांत चाचणी घेतांना पंखा काढून ठेवावा. १९५० नंतरच्या दशकांतील कित्येक अमेरिकन मोटरींच्या सुट्या टाकींत हवेचा दाब असतो. तो सोडल्यावांचून टाकीचें झांकण उघडूं नये. ह्या अटी ज्या घरांत पाळल्या जाणार नाहींत त्या घरांत हें काम होऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. तसेंच, ज्या मोटरीवर एखाद्या कोळी कुटुंबाचें पोट चालतें किंवा जिच्यावर विसंबून माणसें खाडी ओलांडतात, ती शिकण्यासाठीं उघडूं नये. भर पाण्यांत मोटर बंद पडली तर त्याचें प्रायश्चित्त दुसऱ्याला भोगावें लागतें.

चौथा आक्षेप पाण्याच्या शुद्धतेचा, आणि त्याला आमच्यापाशीं पूर्ण उत्तर नाहीं. ह्या जुन्या जातीच्या एंजिनांत नवें मिश्रण आंत येतांना जुना धूर बाहेर ढकलतें, आणि त्या घाईंत सुमारें पाव भाग पेट्रोल न जळतांच धुराबरोबर पाण्यांत जातें. त्यांतील तेलहि त्याच्याबरोबर. ह्याच कारणानें अमेरिकन सरकारनें १९९६ सालीं नव्या मोटरींवर कडक नियम घातले व त्यामुळें जुन्या पद्धतीच्या मोटरी तेथें निघेनाशा झाल्या. तेव्हां जुनी मोटर चालती करावी, पण रोज चालवूं नये. वर्षांतून चार-सहा वेळां, थोडा वेळ, आणि पिण्याच्या पाण्याच्या तलावावर कधींहि नाहीं. पिंपांतलें तेलकट पाणी विहिरीजवळ ओतणाराला तर आम्ही ह्या मंडळींत गणतच नाहीं.

इतकें सर्व मान्य करूनहि आमचें मूळ मत ढळत नाहीं, त्याचें कारण आजच्या वस्तूंत आहे. घरांत येणाऱ्या वस्तु दिवसेंदिवस अशा होत चालल्या आहेत कीं त्या उघडतांच येऊं नयेत. पेचाच्या जागीं गोंद, भागाच्या जागीं सबंध पेटी, आणि बिघडली तर नवी घ्या हें उत्तर. आपल्या सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिति नेमली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कारखान्यांनीं दुरुस्तीची माहिती लोकांस द्यावी म्हणून एक संकेतस्थळहि उघडलें. शेतीचीं अवजारें, दूरध्वनी, घरगुती यंत्रें व मोटारी हे त्यांतील विषय आहेत. हें चांगलेंच झालें. पण ज्याच्या हाताला पाना ठाऊक नाहीं त्यानें असा हक्क घेऊन काय करावें ? हक्क कागदावर मिळतो, हात मात्र घरींच तयार करावा लागतो, आणि त्यासाठीं जिचा प्रत्येक भाग सुटतो, दिसतो व समजतो अशी जुनी मोटर आम्हांला फार उपयोगी वाटते.

ज्यांच्या घरीं अशी मोटर नाहीं, आणि आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं ती नसणारच, त्यांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. खेड्यांतील कित्येक घरीं पिकांवर औषध फवारण्याचा पेट्रोलवर चालणारा पाठीवरचा पंप असतो. त्यांपैकीं पुष्कळांचें एंजिन ह्याच जातीचें असतें: तेल पेट्रोलांतच मिसळावयाचें, ठिणगी फिरत्या चुंबकापासून, सुरू करावयाचें दोरीनें. हंगाम संपल्यावर कोपऱ्यांत पडलेला, बिघडलेला असा एखादा पंप वडिलांकडून मागून घ्यावा. मात्र त्याच्या औषधाच्या टाकींत विष असतें. ती टाकी आणि नळ्या घरांतील मोठ्या माणसानें आधीं धुऊन वेगळ्या काढून ठेवाव्या, व मगच मुलांनीं एंजिनाला हात लावावा. सायकल व शिवणाचें यंत्र ह्यांना तर तेवढीहि अट नाहीं.